एंटरच्या आधी तीनदा कबूल

कॉम्प्युटरच्या डब्यात धूळ कधी साठते, कुणाला कळत नाही. झाकण उघडलं की आपण म्हणतो, अगं बाई, एवढी! आमच्या दुकानातल्या किश्शांचं तेच झालंय. परवा भाचीला एक सांगायला बसले, तर एकातून दुसरा निघत निघत तिचा स्वयंपाक राहिला. जावई म्हणाला, "मावशी, तुम्ही लिहूनच काढा. म्हणजे आम्हाला वेळेवर जेवायला मिळेल!" म्हणून हे लिहितेय. भाजी करपली तर मला बोलू नका.

मी सुनंदा. राहते फुलंब्रीला. रोज बसनं शहरात येते आणि पैठण गेटच्या मागच्या बोळात, नईमभाईंच्या दुकानात, बंद पडलेले कॉम्प्युटर चालू करते. दुकान म्हणजे दोन माणसं आणि चार मशीन मावतील एवढी जागा. पाचवं मशीन आलं की माझी खुर्ची बाहेर!

काम काय, तर मशीन पार आजारी पडलं, आपलं आपण उठेना, की भाई त्याला लाल पेनड्राइव्ह लावतात. मग ते मशीन स्वतःच्या आतलं काही न वापरता त्या पेनड्राइव्हवरनं जागं होतं. याला बूट करणं म्हणतात. आणि त्याच पेनड्राइव्हमधनं नवीन विंडोज आत बसते. अकरा वर्षं मी हेच करतेय, पण काळ्या पडद्यावर पहिली ओळ उमटते ना, तेव्हा अजून अंगावर काटा येतो. बोटाएवढी वस्तू हो! आणि मेलेलं मशीन उठून बसतं.

आता नवीन बसवायचं म्हणजे जुनं पुसायचं. पुसायच्या आधी मशीन एकदा विचारतं. बाकीचे तिथं खटकन एंटर मारतात. आमच्याकडं तसं नाही. भाई मालकाला आत बोलावतात, पडद्यावर काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचायला लावतात, आणि निकाहात विचारतात तसं तीनदा विचारतात, "आतलं सगळं जाणार. कबूल?" तीनदा कबूल आलं तरच पुढं. आणि एंटरसुद्धा मालकानंच दाबायचा, स्वतःच्या बोटानं.

एकदा एक वकीलसाहेब आले. अंगात काळा कोट, हातात लॅपटॉप, कपाळाला आठ्या. भाईंनी पहिल्यांदा विचारलं, "कबूल?" साहेब म्हणाले, "हो." भाई म्हणाले, "हो नाही साहेब, कबूल म्हणा." साहेब वैतागले. "कबूल! कबूल! कबूल! झालं?" आणि एंटर दाबून माझ्याकडं वळले. "काय हो बाई, एवढं विचारतात निकाहात? आमच्यात कुणी काही विचारत नाही. डायरेक्ट सावधान म्हणतात!"

भाई शांतपणे म्हणाले, "म्हणून तर साहेब, तुमच्याकडं एवढ्या केसेस येतात." त्या दिवसापासून वकीलसाहेब आपलं मशीन दुसऱ्या कुणाकडं नेत नाहीत.

*

आता माझी चूक सांगते. लपवून काय करू, सगळ्या बोळाला माहीत आहे.

मी नवी होते. सोयगावचा एक फोटोग्राफर आला, गजानन नावाचा. मशीन बंद पडलेलं, आणि लग्नाच्या फोटोंची वेगळी डिस्क त्याला तशीच जोडलेली. भाई नमाजला गेले होते. माझे हात शिवशिवत होते. लाल पेनड्राइव्ह लावला, मशीन उठवलं, वाचणं नाही, कबूल नाही, खटकन एंटर! पुसली गेली ती फोटोंची डिस्क.

गजाननचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम," तो म्हणाला, "लग्न परत नाय लावता येत हो!"

मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. भाई आले, ऐकलं, एक शब्द रागाचा नाही. "रोना नक्को. पुसलं म्हणजे गेलं नाही. दारावरची पाटी गेली, घर आत तसंच आहे. फक्त आता त्याच्यावर नवीन काही लिहायचं नाही." मग त्यांनी मशीन परत पेनड्राइव्हवरनं उठवलं. तसं उठवलं की त्या डिस्कला धक्का न लावता तिच्यात डोकावता येतं. दोन दिवस ते तिथनं हलले नाहीत. आणि हो, एकेक फोटो वर यायला लागला! मी आ वासून बघत होते.

नावं गेलेली, क्रम गेलेला. आधी वरात आली, मग पाठवणी, मग हळद, सगळ्यात शेवटी साखरपुडा. गजानन हसतोय का रडतोय ते कळेना. "पोरगी सासरहून उलटी माहेरी चाललीय!"

तेवढ्यात भाई हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "बेटा, आता काय निघालं, सांग."

"भाई, पडदा तुमच्यासमोरच आहे की!"

"म्हणून तर विचारतोय."

मी त्यांच्याकडं नीट बघितलं. तोंड पडद्याकडं, पण नजर वीतभर बाजूला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर. भाईंना दिसतच नव्हतं. नंतर त्यांनीच सांगितलं, काचबिंदू. उजवा डोळा कधीच गेला होता, डाव्यात उजेड आणि अंधार तेवढा उरला होता. घरी शबानाभाभींना माहीत होतं, आणि आता मला. गिऱ्हाइकांकडनं मोठ्यानं वाचून घेतात, ते का, हे मला त्या दिवशी कळलं. लोकांना वाटायचं, माणूस किती सचोटीचा! आणि सचोटीचे तर ते होतेच.

गजानन गेल्यावर म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. डोळे नसलेल्या माणसाच्या हातात मशीन कोण देईल? दुकान गेलं तर घरात बसून मी काय ऐकू, पंखा?"

मी शपथ घेतली. त्या दिवसापासनं मला एकच धास्ती, कुणाला कळलं तर भाईंचं दुकान गेलं. आज हे सांगतेय ते भाईंनी स्वतः मनाई उठवली म्हणून.

*

देशपांडेकाका डाक खात्यातनं रिटायर झालेले. मशीन एवढं जुनं की चालू करून चहा करून यावा. भाईंनी विचारलं, "कबूल?" काका म्हणाले, "कबूल." परत विचारलं, परत कबूल. तिसऱ्यांदा विचारलं आणि काकांचं बोट एंटरवर थबकलं.

"एक फोन करू का घरी?"

फोन लावला. काकूंचा आवाज असा की बोळातली मांजर उठून बसली. "माझे पत्ते पुसलेत तर घरी येऊ नका!"

काकू दुपारी त्या मशीनवर पत्त्यांचा एकटीचा डाव खेळायच्या. जिंकलेल्या डावांची संख्या मशीन आत लिहून ठेवतं. कित्येक वर्षांची कमाई ती! काका घाम पुसत म्हणाले, "भाई, हे वाचवता येईल का? नाहीतर मला इथंच राहायला जागा द्या."

बघा, आमचं दुकान केवढं, आणि त्यात काकांची खाट! भाईंनी मशीन पेनड्राइव्हवरनं उठवलं. मी कप्प्यांची नावं वाचत गेले आणि ते म्हणत गेले, "याच्या आत जा. आता खाली. अजून आत." ज्या कप्प्यात कुणी कधी जात नाही, तिथं नखाएवढी एक फाइल सापडली. तेवढी बाजूला काढली, नवीन विंडोज बसवली, फाइल जागेवर ठेवली. घरी गेल्यावर काकूंनी डाव उघडला. आकडा जसाच्या तसा!

न बघता, दुसऱ्याच्या घरातली सुई सांगावी तसं हे. मला रात्रभर त्याचं नवल वाटत राहिलं. दिवाळीला काकूंकडनं करंज्यांचा डबा आला, वर चिठ्ठी, "माझे पत्ते वाचवलेत म्हणून."

*

सगळीच माणसं अशी साधी नसतात. वाळूजकडं कंपनीत काम करणारा एक पोरगेला इंजिनिअर यायचा. लई हुशार, आणि लई खवचट. एकदा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, भाई कुठं बघत असतात हो?"

मी म्हणाले, "तुझ्या डोक्यावरच्या भुतांकडं."

पण त्याला शंका आली होती. भाई त्याचा लॅपटॉप उघडत होते तेव्हा त्यानं गुपचूप एक स्क्रू टेबलावरनं खाली ढकलला. बारीक, डाळीच्या दाण्याएवढा. मी पाहिलं. आता बोलावं तरी पंचाईत, न बोलावं तरी पंचाईत.

भाईंनी मान वर केली नाही. "सुनंदा, टेबलाचा डावा पाय, त्याच्या मागं. बिजागरीचा स्क्रू आहे, लांबवाला. आखूड असता तर आवाज असा आला नसता."

मी वाकले. डावा पाय, त्याच्या मागं, बिजागरीचा, लांबवाला.

इंजिनिअरनं हात जोडले. "भाई, नजर आहे का काय आहे तुमची!"

"अल्लाची मेहेरबानी," भाई म्हणाले. मी टेबलाखालीच जरा वेळ बसून राहिले.

*

आफरीनचा लॅपटॉप स्कूटीवरनं पडला. कॉलेजची पोरगी, दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्गासमोर प्रोजेक्ट दाखवायचा होता. प्रोजेक्ट तिनं मैत्रिणीच्या पेनड्राइव्हवर ठेवलेला, ते बरं. पण कॉलेजच्या प्रोजेक्टरला जोडायला लॅपटॉप हवाच, तो चालू व्हायला विंडोज नवीन बसवायची, आणि पडदा तर काळाठिक्कर! मी दुकानातला जुना पडदा जोडायला गेले तर त्याची पिन या लॅपटॉपला बसेना.

"राहू दे," भाई म्हणाले.

त्यांनी पेनड्राइव्ह लावला, कान कीबोर्डला टेकवला आणि डोळे मिटले. पंखा फिरल्याचा आवाज आला तशी एक कळ दाबली. थांबले. ओठ हलत होते. दोनदा खाली, एंटर, थांबा. आता भाषा विचारतंय. एंटर. आता अटी सांगतंय, माणसं वाचत नाहीत ते. एंटर.

मग हात काढला. "बेटी, आता ते पुसायचं विचारतंय. कबूल?"

"भाई, कशाला कबूल म्हणू? काहीच दिसत नाही!"

"मलाही," भाई म्हणाले.

आफरीन खळखळून हसली. मी नाही हसले. मी पदराचं टोक दातात धरून बसले होते. आफरीननं हसत हसत तीनदा कबूल म्हटलं, एंटर दाबला आणि आम्ही तिघं त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिलो. अर्ध्या तासानं लॅपटॉपमधनं स्वागताचा टुंग असा आवाज आला! आफरीन खुर्चीवरनं उडालीच.

"भाई, आतनं कुणी बोलतं का तुमच्याशी?"

"हौ. पण हळू बोलतं."

अकरा वर्षांत मी पुष्कळ पाहिलंय. पण त्या दुपारी मला वाटलं, आपण या माणसाजवळ बसतो हेच मोठं आहे. तसं मी त्यांना म्हणालेसुद्धा. ते म्हणाले, "मग चहा सांग."

*

आता सांडूआप्पा. देवगाव रंगारीचे. वय सत्तरीचं, शाळेची पायरी चढलेले नाहीत, अंगठा उठवतात. पण गावातल्या एकतीस विहिरींचं पाणी ते दर पौर्णिमेला आणि अमावस्येला मोजतात. गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडायची, किती हात ओली झाली ते बघायचं, घरी येऊन मुलीला सांगायचं. मुलगी ते मशीनमध्ये भरायची. नऊ वर्षं! उन्हाळ्यात कुठल्या विहिरीवर कुणी किती उपसायचं, ते गाव त्यावरनं ठरवतं. डोकी फुटता फुटता राहिलीत त्या आकड्यांमुळं. मुलगी आता नाशिकला नांदते, म्हणून आप्पा दर पंधरा दिवसांनी शेजारच्या मास्तरांकडनं आकडे भरून घेतात. दुसरी प्रत कुठं नाही.

ते मशीन बंद पडलं. आप्पांनी गोधडीत गुंडाळलं, त्याच गाठीच्या दोरीनं बांधलं आणि जीपनं शहरात आणलं. नेमकी त्या दिवशी बोळाला सुट्टी, आजूबाजूची सगळी दुकानं बंद. आणि मी? माझी बस हर्सूलला अडकलेली, फोन बंद पडलेला, आणि आतलं बाहेर काढून ठेवायची डिस्क माझ्या पिशवीत.

पुढचं अर्धं मला आप्पांनी नंतर सांगितलं, अर्धं मी स्वतः दारातनं ऐकलं.

भाई म्हणाले, "सुनंदा येईल, थांबा." आप्पा थांबले. पण एक वाजता जीप परत निघणार होती, आणि मशीन मागं ठेवून जायला त्यांचा जीव होईना. शेवटी भाईंनी पेनड्राइव्ह लावला, मशीन उठवलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "आप्पा, काय लिहिलंय, मोठ्यानं वाचा."

आप्पा दोरीची गाठ चाचपत राहिले.

"वाचा की."

"भाई, मला वाचता येत नाय."

भाईंनी कळांवरचा हात काढला. आणि मग जे आजपर्यंत एका गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं, ते भाई बोलले.

"आप्पा, मला दिसत नाही."

दार उघडं होतं. मशीन उचलून निघून जायला आप्पांना कुणी अडवलं नसतं. नऊ वर्षांच्या विहिरी होत्या त्यात. त्यांनी गोधडीची घडी घातली, मांडीवर ठेवली आणि खुर्ची पुढं ओढली.

"मंग मी बघतो," आप्पा म्हणाले, "तुमी वाचा."

मी धापा टाकत बोळात शिरले तेव्हा हे दोघं डोक्याला डोकं लावून बसले होते. मी दारातच थांबले. पडद्यावर डिस्कच्या कप्प्यांची यादी होती, एका ओळीत एक कप्पा आणि पुढं त्याच्या मापाचा आकडा.

"किती ओळी आहेत?" भाई विचारत होते.

"तीन. अक्षरं नाय कळत, पण आकडे वळखतो. फोनमुळं."

"दुसऱ्या ओळीत आकडा?"

"एक. मंग दोन शून्यं."

"तिसरीत?"

"तीन, सहा, पाच."

"मुलगी काय म्हणाली होती?"

"म्हणली, बाबा, मोठ्या कप्प्यात विहिरी हायत. बारका पुसला तरी चालंल."

भाईंनी ओळ निवडायचा रंगीत पट्टा सरकवायला खालचा बाण दाबला. एकदा. आणखी एकदा.

"थांबा!" आप्पा ओरडले. "पट्टा विहिरींवर उभा राह्यला!"

भाईंचं बोट हवेत राहिलं. कपाळावर घाम आला होता, एवढ्या वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता. "एक वर घेतो. आता?"

"आता शंभरावर."

मला दारातनं पडदा दिसत होता. पिशवीत डिस्क होती. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं. पट्टा शंभरच्या ओळीवर होता, बरोबर जागेवर. मी तोंड मिटलं. का मिटलं, मला विचारू नका.

"आप्पा, बारक्यातलं सगळं जाणार. कबूल?"

"कबूल."

तीनदा झालं. भाईंनी आप्पांचं बोट धरून एंटरवर नेऊन ठेवलं. पण आप्पा दाबेनात.

"भाई, मशीन माझं, पण हात तुमचा बी हाय. आता मी इचारतो. कबूल?"

दुकानात भाईंना हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ते आधी हसले. "कबूल."

"कबूल?"

"कबूल, आप्पा."

"कबूल?"

तिसऱ्यांदा भाई हसले नाहीत. मान खाली घातली, आणि आवाज इतका बारीक आला की मला दारात जेमतेम ऐकू आला. "कबूल."

एंटरचा आवाज झाला. मी मागच्या मागं पायरी उतरले. कोपऱ्यावरची टपरी तेवढी उघडी होती, तिथं तीन चहा सांगितले आणि उगाच दोनदा डोळे पुसले.

चहा घेऊन आले तर पडद्यावर नवीन विंडोज शंभरातली किती बसली त्याचा आकडा चढत होता. आप्पा दोरीची एकेक गाठ बोटानं सरकवत तो म्हणत होते, गावाला पाणी सांगतात त्याच आवाजात.

"बारा... तेरा... चौदा..."

भाई डोळे मिटून ऐकत होते. मी ग्लास खाली ठेवले, आवाज न करता.